सल्ला: दुकानातल्या कॉम्प्युटरवर नेमकं काय बंद करावं?

पत्राचा सारांश: नागपूरला इतवारीत किराण्याचं होलसेल दुकान, वाडीला गोदाम. दुकानात चार आणि गोदामात दोन कॉम्प्युटर. दोनांवर विंडोज 11 प्रो, बाकी चारांवर होम. सगळे जण एकाच लॉगिननं काम करतात, पासवर्ड सगळ्यांना पाठ. मध्यंतरी काही बिलांवर जुनी तारीख छापली गेली (बिलिंग सॉफ्टवेअर तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घेतं), डेटाच्या शेअर फोल्डरमधून काही फाइली गायब झाल्या आणि एका काउंटरवर कुणीतरी गेम टाकलेला सापडला. कॉम्प्युटरवाल्याचं म्हणणं, स्टार्ट मेनू, रन, कंट्रोल पॅनेल, टास्क मॅनेजर, कमांड प्रॉम्प्ट, राइट क्लिक सगळं बंद करू आणि स्क्रीनवर फक्त बिलिंगचं आयकॉन ठेवू. संशय एका नव्या पोरावर आहे. पण दुखावलेत जुने दिवाणजी: ‘इतकी वर्षं तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, आता माउसलाही कुलूप?’ वाचक विचारतात, सगळं बंद करावं की माणसं सांभाळावीत?

नमस्कार,

तुमच्या पत्रात घटना तीन आहेत आणि उपाय एकच. तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात, आणि कॉम्प्युटरवाल्यानं सुचवलेला उपाय त्यातल्या एकाही कारणाला धड हात लावत नाही. म्हणून ‘बंद करू की नको’ हे थोडं बाजूला ठेवू आणि झालं काय ते बघू.

आधी तारीख, कारण संशय तिथूनच सुरू झालाय. त्या बिलांवर कोणती तारीख छापली गेली? ती कित्येक वर्षं मागची, एखाद्या 1 जानेवारीची किंवा मदरबोर्ड तयार झाला त्या सुमाराची असेल, तर पहिला संशय माणसावर नको, बोर्डवरच्या सीआर 2032 सेलवर घ्या. दुकान वाढवताना मेन स्विच पाडायची आपल्याकडे सवय असते. मग रात्रभर कॉम्प्युटरचं घड्याळ त्या 3 व्होल्टच्या बटणसेलवरच चालतं. सेल संपला की सकाळी तारीख थेट मागे गेलेली. अशा वेळी ब्राउझरही बहुतेक साइट उघडायला नकार देतो आणि घड्याळ चुकल्याचं सांगतो. नेट लागलं की घड्याळ आपोआप जुळेल या भरवशावरही राहू नका. फरक फार मोठा असला तर विंडोज तो दर वेळी दुरुस्त करतंच असं नाही.

उलट बिलावरची तारीख नेमकी 31 मार्चची, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाची असेल, तर मात्र सेलला दोष देता येणार नाही.

याचा माग विंडोजकडे असतो. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिक्युरिटी निवडा आणि उजवीकडच्या ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये 4616 हा आकडा टाका. घड्याळ बदललं की ही नोंद पडते: कोणत्या अकाउंटनं बदललं, आधीची वेळ काय, नंतरची काय. ‘लोकल सर्व्हिस’ या नावानं पडलेल्या नोंदी विंडोजच्या स्वतःच्या असतात, त्या सोडून द्या. या लॉगची जागा ठरावीक असते आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात, तेव्हा हे आजच बघा. आणि इथंच तुमची खरी अडचण दिसेल. नोंद सापडली तरी त्यात नाव असेल ते त्या एकाच सामाईक लॉगिनचं. त्या पोरानं केलं, दिवाणजींनी केलं की तुमच्या घरातल्या कुणी, हे विंडोजला सांगता येणार नाही, कारण तुम्ही त्याला वेगवेगळी माणसं दाखवलेलीच नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे ते सामाईक लॉगिन जवळपास नक्कीच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, कारण विंडोज टाकताना पहिलं अकाउंट तसंच तयार होतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवर बसलेल्या माणसापासून मेनू लपवणं म्हणजे दुकानाची पाटी काढून शटर उघडं ठेवणं. ज्या अधिकारानं ती बंधनं घातली, त्याच अधिकारानं तो ती काढू शकतो. साध्या म्हणजे स्टँडर्ड अकाउंटला मात्र तारीख-वेळ बदलता येत नाही, सगळ्यांसाठीचं सॉफ्टवेअर टाकता किंवा काढता येत नाही, विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ढवळाढवळ करता येत नाही. हे सगळं एकही मेनू न लपवता. कमांड प्रॉम्प्टची भीती बऱ्याच मालकांना असते. पण ती काळी खिडकी जादा ताकद देत नाही. स्टँडर्ड अकाउंटमधून उघडली तर त्या अकाउंटला जे जमतं तेवढंच तिथं जमतं.

तेव्हा पहिलं काम अकाउंटचं. क्रम चुकवू नका, नाहीतर कॉम्प्युटरवर एकही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उरणार नाही. (पुढची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, इथं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.) सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युझर्समध्ये जाऊन नवं अकाउंट जोडा. विंडोज मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल, तिथं ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही’ आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युझर जोडा’ हे पर्याय घ्या. नवं अकाउंट स्टँडर्डच तयार होतं. ते ‘चेंज अकाउंट टाइप’मधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, त्यानं एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतो याची खात्री करा, आणि मगच त्या नव्या अकाउंटमधून जुनं सामाईक अकाउंट स्टँडर्डवर उतरवा. जुनं अकाउंट पुसू नका. डेस्कटॉप, प्रिंटरची मांडणी, ब्राउझरमधलं सगळं त्यात आहे. एका माणसाला तेच वापरू द्या आणि बाकीच्यांना नवी अकाउंट द्या. प्रत्येकाला चार-सहा आकडी पिन लावून दिला की ‘दर वेळी पासवर्ड कोण टाकेल’ ही तक्रार मिटते.

एका काउंटरवर आळीपाळीनं दोघं बसत असतील तर ‘स्विच युझर’ऐवजी साइन आउट करायला सांगा. नाहीतर पहिल्याच्या खात्यात बिलिंग सॉफ्टवेअर उघडंच राहतं आणि एकाच युझरचं लायसन्स असेल तर दुसऱ्याला ते उघडत नाही.

स्टँडर्डवर आल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट हमखास बिघडू शकते. जुन्या घडणीचं बिलिंग सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगच्या फाइली प्रोग्रॅम फाइल्समधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतं. स्टँडर्ड अकाउंटला तिथं लिहायची परवानगी नसते. मग विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमची समजूत काढतं आणि फाइल त्या युझरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या आडोशाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. वरवर सगळं ठीक चालतं, पण एकानं बदललेली सेटिंग दुसऱ्याला दिसत नाही, कधी बिल नंबरची मालिकाच दोघांकडे वेगळी चालू लागते. इथं कॉम्प्युटरवाला चटकन म्हणेल, ‘परत अ‍ॅडमिन करून टाकू.’ तसं होऊ देऊ नका. फक्त त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, आणि ‘युझर्स’ गटाला मॉडिफायची, म्हणजे फाइली बदलायची परवानगी द्या. फुल कंट्रोल नको, आणि पूर्ण प्रोग्रॅम फाइल्सवर तर नाहीच. त्याआधी व्हर्च्युअलस्टोअरमध्ये काही साठलंय का ते बघून ताजी फाइल मूळ जागी आणा, मगच काउंटर सुरू करा.

आता मेनूंकडे येऊ. मेनू लपवण्याला माझा विरोध नाही. चुकून होणारं नुकसान त्यानं टळतं. मुद्दाम करणारा त्यानं थांबत नाही. एवढं मनात ठेवून निवड करा.

साधन आहे ग्रुप पॉलिसी एडिटर (पॉलिसी म्हणजे विंडोजवर घालायचं बंधन, धोरण), आणि ते प्रोवरच मिळतं. होमवर ते ‘चालू करून देतो’ म्हणणारे भेटतील. खिडकी उघडते, पर्याय दिसतात, आणि त्यातले बरेच लागूच होत नाहीत. तुमच्या चार होमवाल्या मशीनवर स्टँडर्ड अकाउंटवरच भागवा, किंवा मालाचा आणि पैशाचा व्यवहार ज्यांवर चालतो तेवढी मशीन प्रोवर न्या.

प्रोवरची सगळ्यात नेहमीची फजिती म्हणजे साध्या एडिटरमधून घातलेलं युझर कॉन्फिगरेशनचं बंधन त्या मशीनवरच्या सगळ्यांना लागतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलासुद्धा. कंट्रोल पॅनेल बंद करून मालक स्वतःच बाहेर उभा, असं होतं. त्यासाठी वेगळी वाट आहे. अ‍ॅडमिन अकाउंटमधून रनमध्ये ‘एमएमसी’ चालवा. फाइल, अ‍ॅड-रिमूव्ह स्नॅप-इन, ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर, अ‍ॅड. मग ब्राउझ दाबून युझर्सच्या टॅबमध्ये ‘नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ निवडा. इथं घातलेली बंधनं फक्त स्टँडर्ड अकाउंटना लागतात. हा कन्सोल अ‍ॅडमिनच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको. बंधन घातल्यावर त्या माणसाला साइन आउट करून परत यायला सांगा आणि मगच तपासा.

काय लपवावं? रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलणारं साधन) बंद करा, कुणालाच लागत नाही. रन मेनू काढायला हरकत नाही, पण त्याचा एक काटा आहे: त्या धोरणानं एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करून शेअर उघडणंही बंद होतं. वाडीचा माणूस तसंच करत असेल तर आधी त्याला ड्राइव्ह मॅप करून द्या, म्हणजे ते शेअर फोल्डर त्याच्या कॉम्प्युटरवर एका ड्राइव्हसारखं दिसेल, नाहीतर पहिला फोन तिथूनच येईल.

कंट्रोल पॅनेल आणि सेटिंग्ज सरसकट बंद करू नका. प्रिंटर ऑफलाइन गेला, कागदाचा आकार बदलला, स्क्रीनवरची अक्षरं बारीक झाली, दर वेळी तुम्हाला उठावं लागेल. त्यापेक्षा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी’ हे धोरण आहे. त्यात इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता ‘शोओन्ली’ लिहून विसर्गासारखं चिन्ह द्या आणि पुढे हवी ती पानं अर्धविरामानं तोडून लिहा: प्रिंटर्स, डिस्प्ले, साउंड. फक्त तेवढीच पानं दिसतात.

कमांड प्रॉम्प्ट बंद करण्याच्या धोरणात खाली एक उपप्रश्न असतो: ‘स्क्रिप्टही बंद करायच्या का?’ तिथं ‘येस’ दिलं की बॅच फाइली (एकामागून एक कमांड चालवणाऱ्या छोट्या फाइली) चालत नाहीत. बऱ्याच दुकानांत संध्याकाळचा बॅकअप डेस्कटॉपवरच्या अशाच एका बॅच फाइलवर चालतो. ती मुकाट्यानं थांबते आणि महिन्याभरानं डेटा लागतो तेव्हा कळतं. ‘नो’ ठेवा. शिवाय या धोरणानं पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करायची दुसरी खिडकी, बंद होत नाही, म्हणजे समोरचं दार लावून मागचं उघडंच. स्टँडर्ड अकाउंट असेल तर मी हे धोरण लावणारच नाही.

टास्क मॅनेजर तर नक्कीच ठेवा. तो नसला की सॉफ्टवेअर अडकल्यावर माणूस कॅबिनेटचं बटण पाच सेकंद दाबून धरतो, आणि डेटाबेसच्या फाइली खराब होतात त्या अशाच वेळी. राइट क्लिक काढलं तर कॉपी, पेस्ट, पेनड्राइव्ह इजेक्ट सगळंच अडतं, सोडून द्या. शटडाउनचा पर्याय फक्त डेटा असलेल्या मुख्य मशीनवर काढा. तिथं पॉवर बटणाला ‘डू नथिंग’ लावा, कारण मेनूतून पर्याय गेला तरी बटण तसंच राहतं.

गेमचा प्रश्न वेगळा. स्टँडर्ड अकाउंटवरही काही प्रोग्रॅम युझरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतात किंवा डाउनलोड्समधून थेट चालतात. क्रोम तसं बसू शकतं, आणि लांबून स्क्रीन हातात घेणारी अ‍ॅपंही तशी चालतात. मला गेमपेक्षा याची काळजी जास्त वाटते: बँकेतून बोलतोय सांगणारा फोन येतो, काउंटरवरचा माणूस लिंकवरून असं अ‍ॅप घेतो आणि तुमची नेट बँकिंगची स्क्रीन भलत्याच्या हातात जाते. स्टार्ट मेनू लपवून हे थांबत नाही. ‘डोन्ट रन स्पेसिफाइड अ‍ॅप्लिकेशन्स’ हे धोरण तर फाइलच्या नावावर चालतं. नाव बदललं की संपलं.

यावरचा उपाय अ‍ॅपलॉकर. कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते तो ठरवतो. पूर्वी तो एंटरप्राइज आवृत्तीपुरता होता. आता विंडोज 11 प्रोवरही चालतो. लोकल सिक्युरिटी पॉलिसी, अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज, अ‍ॅपलॉकर. एक्झिक्युटेबल रूल्सवर राइट क्लिक करून ‘क्रिएट डीफॉल्ट रूल्स’ द्या. त्याचा अर्थ: विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्समधलं सगळ्यांना चालेल, बाकी कुठूनही काही चालवायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागेल. पॅकेज्ड अ‍ॅप रूल्सवरही हेच करा, विसरू नका. ते राहिलं आणि एक्झिक्युटेबलचे नियम लागू झाले, तर कॅल्क्युलेटरपासून सेटिंग्जपर्यंत विंडोजची स्वतःची अ‍ॅपं उघडेनाशी होतात. आणि थेट लागू करू नका. आधी ‘ऑडिट ओन्ली’ ठेवून दोन आठवडे जाऊ द्या. त्यात महिनाअखेर किंवा जीएसटी रिटर्नचा दिवस आला पाहिजे, कारण काही प्रोग्रॅम तेव्हाच बाहेर निघतात. यासाठी ‘अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी’ ही सर्व्हिस चालू लागते. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅपलॉकरच्या लॉगमध्ये 8003 च्या नोंदी बघा: नियम लागू असता तर काय अडलं असतं याची ती यादी. बिलिंग सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर बसवलेलं असेल तर तेही त्या यादीत दिसेल. त्याला वेगळा नियम द्या. यादी स्वच्छ झाली की लागू करा.

पेनड्राइव्हसाठी ‘रिमूव्हेबल स्टोरेज अ‍ॅक्सेस’मध्ये रिमूव्हेबल डिस्कचं वाचणं-लिहिणं अडवता येतं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन त्या गटात मोडत नाही, चालत राहतं. काही टोकन लावली की ड्रायव्हर असलेली सीडी ड्राइव्हही दिसते, म्हणून ड्रायव्हर आधीच टाकून घ्या.

राहिल्या गायब झालेल्या फाइली. नेटवर्कवरच्या शेअरमधून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. आणि पुष्कळदा ती डिलीटही झालेली नसते, माउसनं ओढली जाऊन शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेली असते. मुख्य मशीनवर नावानं शोधून बघा. बिलिंग सॉफ्टवेअरला त्या फोल्डरमध्ये लिहावं लागतं, म्हणजे माणसाच्या अकाउंटला तिथं मॉडिफाय द्यावंच लागतं, आणि मॉडिफायमध्ये डिलीट आलं. मॅप केलेली ड्राइव्ह एक्सप्लोररमधून अडवणारं धोरण इथं मात्र खरंच कामाचं आहे: माणसाला फोल्डर उघडता येत नाही, सॉफ्टवेअरला येतं. तरी शेवटचा आधार बॅकअपच. दोन बाहेरच्या डिस्क, आळीपाळीनं. एक दुकानात, एक घरी. कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून धरू नका, फाइली लॉक करणारा व्हायरस आला तर तिच्यासकट जातं.

दिवाणजींचं म्हणणं मला रास्त वाटतं, पण त्यांना ते उलट्या बाजूनं दाखवा. आज काही बिघडलं तर सामाईक लॉगिनमुळे संशय त्यांच्यावरही येतो आणि तो पुसायला काहीच पुरावा नाही. स्वतःचं लॉगिन असलं की त्यांच्या नोंदी त्यांच्याच नावावर, दुसऱ्याच्या दुसऱ्याच्या. जीएसटीच्या 2017 च्या नियमांतल्या नियम 56(8) प्रमाणे हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या किंवा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवणं बंधनकारक आहे. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर तो ठेवतं का, हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. मागच्या तारखेचं बिल खरं अडतं ते सॉफ्टवेअरमधल्या युझरच्या अधिकारांत. टॅलीत तर व्हाउचरची तारीख बदलायला घड्याळाला हात लावावाच लागत नाही. तिथं युझरच्या भूमिकेत मागच्या किती दिवसांची मुभा ते ठरवावं लागतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असेल तर ती आधी वापरा.

आणि हो, रोजच्या कामाला तुम्ही स्वतःही स्टँडर्ड अकाउंटच घ्या. मालकाच्या मशीनवर ईमेलमधली जोडलेली फाइल उघडते, त्याच मशीनवर बँक असते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात तिजोरीत ठेवा. कॉम्प्युटरवाल्याला तो देऊ नका. त्याचं वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट करा, एरवी डिसेबल ठेवा, तो समोर बसला की चालू करा आणि उठला की बंद.

त्या नव्या पोराशी काही बोलण्याआधी 4616 च्या नोंदी आणि तो सेल, दोन्ही बघून घ्या. सगळी बंधनं आधी एकाच काउंटरवर लावा, शक्यतो तुमच्या स्वतःच्या; आठवडाभर माल आणि बिलं नीट निघाली की मग बाकीच्यांवर.